शिमोजोंची शेगडी

जुलैच्या दुसऱ्या रविवारी भर दुपारी शिमोजो यांच्या घरातील पितरांच्या देव्हाऱ्यासमोरची मेणबत्ती, कोणीही तिला हात लावलेला नसताना, कमरेत वाकली. आधी ती किंचित कलली, मग तिने मान खाली घातली आणि शिमोजोंच्या सासूबाईंच्या तसबिरीपुढे असा काही नमस्कार केला, की सासूबाईंच्या हयातीत त्यांच्या जावयानेही तसा कधी केला नव्हता. तोमोएबाईंनी हे दृश्य काही वेळ न्याहाळले आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

“अहो, जरा इकडे या. तुमच्या शेगडीचा प्रताप बघा.”

“उन्हाळा आहे, तोमोए. आपल्या ताजिमीत उन्हाळ्यात मेणबत्त्या वाकायच्याच.”

“उन्हाळा चारी बाजूंनी असतो. ही फक्त तुमच्या भिंतीकडे वाकलीय.”

शिमोजो यांनी छत्तीस वर्षे मोजमापाची उपकरणे तपासण्याची नोकरी केली होती. त्यांनी कोनमापक आणून मेणबत्तीचा कल मोजला. तो एकतीस अंश भरला, आणि भिंतीच्याच दिशेने भरला. पुराव्यापुढे त्यांनी उन्हाळ्याचे नाव सोडले.

भिंतीपलीकडे जी वस्तू होती तिला शिमोजो ‘अ‍ॅम्प्लिफायर’ म्हणत आणि तोमोएबाई ‘शेगडी’. न्यायबुद्धीने पाहिले तर दोहोंपैकी कोणतीही संज्ञा चुकीची म्हणता येत नाही. सामान्य अ‍ॅम्प्लिफायर हा काटकसरी गृहस्थासारखा असतो. गाणे जेवढी वीज मागेल तेवढीच तो खर्चतो. शिमोजोंचा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या उमरावी घराण्यातला होता. गाणे वाजो वा न वाजो, तो आपली सगळी वीज पेटल्यापासून विझेपर्यंत खेळती ठेवी. त्यामुळे स्वरांत कुठे सांधा जाणवत नसे, हे खरे. परंतु त्या खेळत्या विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊन खोलीत उतरे, हेही तितकेच खरे. सत्तेचाळीस किलोंच्या त्या पेटीच्या दोन्ही कुशींना ॲल्युमिनियमचे उभे पंख होते, आणि त्यांवर हात ठेवून चार आकडे मोजणे हे धाडसाचे काम होते. शिवाय चांगले दोन तास तापल्यावाचून यंत्राचा स्वर खुलत नाही, अशी शिमोजोंची श्रद्धा असल्यामुळे गाणे दुपारी ऐकायचे असले तरी शेगडी सकाळीच पेटे.

यावर उपाय नव्हते असे नाही. प्रत्येक उपायाला शिमोजोंपाशी आक्षेप होता. वातानुकूलन यंत्र लावले तर त्याची घरघर संगीतात मिसळते. खिडकी उघडली तर बाहेरच्या झाडावरचे रातकिडे दिवसाच कंठ फोडतात. टेबलावरचा पंखा लावला तर वाऱ्याने स्वर थरथरतो. उष्णता सोसता येते, अशुद्ध स्वर सोसता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. आणि सोसणारांत आपली पत्नीही आहे, हे त्या सिद्धांतात गृहीत धरलेले होते.

“मी काय म्हणते,” तोमोएबाई म्हणाल्या, “ती पेटी आपल्या तात्सुओला देऊन टाका. असाहिकावाला पाच-पाच महिने बर्फ असतं. माझा भाऊ तिला उशाशी घेऊन झोपेल.”

“तुझ्या भावाला संगीतातलं काय कळतं?”

“ऊब कळते.”

“या खोलीत बसून गाणं ऐकून गेलेल्या एकाही माणसानं आजवर तक्रार केलेली नाही.”

“सहा वर्षांत आलंय कोण?”

“येत्या रविवारी आमच्या श्रवण मंडळाची बैठक आपल्याकडे आहे. सहा वर्षांनी पाळी आलीय. तेव्हा बघ.”

तोमोएबाईंनी वाकलेली मेणबत्ती उपटून त्यांच्या हातात दिली. “ठीक आहे. पाहुण्यांपैकी एकानं जरी उकडतंय म्हटलं, तरी पेटी असाहिकावाला. नाही म्हटलं, तर मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही.”

शिमोजोंना मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. यजमानाच्या घरात बसून यजमानाच्या हवेला नावे ठेवील, असा मनुष्य आमच्या ताजिमीत जन्मलेला नाही. पैज जिंकल्यातच जमा होती. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना एकाएकी आठवले, की उन्हाळ्यात आमच्या गावी कोणी कोणाला नमस्कार म्हणत नाही. लोक ‘काय उकडतंय हो’ म्हणतात, समोरचा ‘अहो, काय विचारता’ म्हणतो, आणि दोघे समाधानाने आपापल्या वाटेने जातात. म्हणजे रविवारी उंबरठ्यावर पहिला पाहुणा तोंड उघडताच पेटी उत्तरेकडे रवाना होणार.

सकाळी त्यांनी कोरा कागद घेऊन करार लिहिला. पहिले कलम: ‘उकडतंय’ हा उच्चार संगीताच्या खोलीत झाला तरच ग्राह्य; फाटकात, दारात किंवा अन्यत्र झालेला अग्राह्य. दुसरे कलम: उच्चार पाहुण्यानेच केला पाहिजे, घरातल्या माणसाचा धरला जाणार नाही.

“हे दुसरं कशाला?” तोमोएबाईंनी विचारले.

“तू दिवसातून चाळीस वेळा म्हणतेस म्हणून.”

तोमोएबाईंनी कागद दोनदा वाचला, कपाटातून सहीऐवजी वापरायचा आपला शिक्का काढला आणि तो नवऱ्याच्या शिक्क्याशेजारी ठळक उमटवला. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. एवढ्यानेच शिमोजोंनी सावध व्हायला हवे होते.

रविवारी दीड वाजल्यापासून शिमोजो कोट घालून फाटकाबाहेर उभे राहिले. पाहुण्यांकडचे अभिवादन बाहेरच्या बाहेर संपवून टाकायचे, असा त्यांचा बेत होता. पहिल्या आल्या ओगिसोबाई. त्या पियानो जुळवण्याचे काम करीत आणि त्यांचे कान गावात दंतकथेचा विषय होते.

“काय उकडतंय हो, शिमोजोसान.”

“उकडतंय, फारच उकडतंय. आणखी म्हणा.”

“आणखी काय म्हणायचं?”

“मनात असेल तेवढं. इथं सावली आहे.”

ओगिसोबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले. त्यांच्यामागून नोनोगाकी आले. फरशांच्या कारखान्याचे हे व्यवस्थापक अंगाने स्थूल आणि स्वभावाने भिडस्त होते. त्यांच्याकडूनही शिमोजोंनी तीन वेळा तेच वाक्य वदवून घेतले. शेवटी वाकाओ गुरुजी आले आणि शिमोजोंची तयारी वाया गेली, कारण गुरुजी काही बोललेच नाहीत. एक्क्याऐंशी वर्षांचे हे कुंभकार. साठ वर्षे भट्टीच्या तोंडाशी बसून काढल्यामुळे ऋतू नावाच्या गोष्टीशी त्यांचा संबंध तुटला होता. अंगात काळा लोकरी कोट होता आणि त्याची तिन्ही बटणे लावलेली होती.

त्या कोटाविषयी सांगणे भाग आहे. या श्रवण मंडळात कोट घालून यायची पद्धत आहे, आणि ज्येष्ठाने उतरवल्याशिवाय इतरांनी उतरवायचा नाही अशीही आहे. हा नियम कुठे लिहिलेला नाही. म्हणूनच तो कधी मोडला गेलेला नाही.

खोलीत शिमोजोंनी सकाळपासून वातानुकूलन यंत्र लावून ठेवले होते. हवा गार होती. मंडळी बसली. शिमोजोंनी यंत्र बंद केले, खिडक्या लावल्या आणि एका जर्मन संगीतकाराच्या नऊ सिम्फन्यांतली पहिली तबकडी लावली. दाराशेजारी तोमोएबाईंनी स्वयंपाकघरातला तापमापक आणून टांगला होता. तो चोवीस दाखवत होता.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटाखाली शिमोजोंनी तीन चिमुकले पंखे दडवून ठेवले होते. जाहिरातीत त्यांना निःशब्द म्हटले होते. दहाव्या मिनिटाला ओगिसोबाईंनी बोट वर केले.

“क्षमा असावी. कुठेतरी काहीतरी गुणगुणतंय.”

“डास असेल,” शिमोजो म्हणाले.

“तीन आहेत. तिघे तीन सुरांत. एका सुरात असते तर मी बोलले नसते.”

शिमोजोंनी वाकून, काही पडल्याचे निमित्त करून, पंख्यांची तार काढली. तापमापक एकोणतीसवर गेला.

पंख्यांचा भरवसा नव्हताच, म्हणून पडद्यामागे दुसरी योजना तयार होती. पत्र्याच्या टबावर जाळी ठेवून तिच्यावर बर्फाची लादी. पहिल्या तबकडीच्या उत्तरार्धात, व्हायोलिने अगदी मंद झालेली असताना, त्या लादीतून पहिला थेंब टबात पडला. टप्. नोनोगाकींनी डोळे उघडले. थोड्या वेळाने दुसरा पडला. टप्. शिमोजोंच्या पाठीतून घामाचा ओघळ खाली गेला आणि त्यांना वाटले, तोही ऐकू आला असावा.

“गुरुजी,” नोनोगाकी कुजबुजले, “ऐकलंत?”

“ऐकलं,” वाकाओ गुरुजी म्हणाले. “ज्या सभागृहात ध्वनिमुद्रण झालं, त्याचं छप्पर गळत होतं.”

“माझ्याकडे हीच तबकडी वीस वर्षं आहे. मला कधी ऐकू आलं नाही.”

“तुमच्याकडे हा अ‍ॅम्प्लिफायर नाही.”

नोनोगाकींच्या चेहऱ्यावर निखळ असूया उमटली. ओगिसोबाईंनी भिंतीकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले आणि मग शिमोजोंच्या चेहऱ्याकडे पाहून आपले मत गिळले. गुरुजींनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. या खेपेस थेंब तिसऱ्याच ठिकाणी पडला.

“पहिल्यांदा तो डावीकडे पडला होता,” नोनोगाकी म्हणाले.

“पाऊस वाढला असेल,” गुरुजी म्हणाले.

तापमापक तेहतीसवर आला. येथे शिमोजोंच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. ती त्यांना पंचवीस वर्षे ठाऊक होती, पण आजवर तिची झळ लागली नव्हती. या जातीचे यंत्र सर्वांत जास्त तापते ते गाणे बंद असताना. वाजत असले की निदान थोडी वीज स्पीकरच्या वाटेने घराबाहेर पडल्यासारखी खर्ची पडते. शांतता पसरली की सगळीच्या सगळी पंखांत उतरते. म्हणजे दोन तबकड्यांच्या मध्ये मंडळी चर्चा करीत बसली, की खोली आणखी तापणार. आणि श्रवण मंडळातली माणसे संगीत सोसतात ती मुख्यतः त्यानंतरच्या चर्चेसाठी.

“या दुसऱ्या भागातल्या बासरीविषयी मला असं वाटतं, की...” गुरुजींनी सुरुवात केली.

“तिसरा भाग ऐकून मग बोलू,” असे म्हणून शिमोजोंनी सुई टेकवली आणि आवाज वाढवला.

“मी म्हणत होतो...”

“चौथाही आहे, गुरुजी.”

आवाज ऐकून तोमोएबाई आत आल्या. हातात चहाचा ट्रे होता, आणि चहातून वाफा निघत होत्या. त्यांनी प्रत्येकापुढे पेला ठेवला, कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि अत्यंत जिव्हाळ्याने चौकशी आरंभली.

“नोनोगाकीसान, चेहरा लाल दिसतोय तुमचा. बरं वाटतंय ना?”

“उत्तम, वहिनी. संगीताचा परिणाम आहे.”

“हातपंखा देऊ का?”

हातपंखा घेणे म्हणजे तक्रार करणे. नोनोगाकींनी दोन्ही हात हलवले. “छे, छे. कशाला उगाच.”

“ओगिसोबाई, तुम्हाला?”

“नको हो. अगदी घरच्यासारखं वाटतंय.”

“आणि कोट? काढून ठेवता का कोणी?”

सर्वांची दृष्टी गुरुजींच्या तीन बटणांवर स्थिर झाली. गुरुजींनी चहाचा घोट घेतला, जरा विचार केला आणि वरचे, आजवर मोकळे राहत आलेले कॉलरचे बटणही लावले. “माझी प्रकृती थंड आहे,” ते म्हणाले.

तोमोएबाई उठून गेल्या आणि अर्ध्या तासाने परतल्या त्या मातीची चार भांडी घेऊन. भांड्यांत रश्श्यासह उदोनच्या शेवया खदखदत होत्या. वर अंडे होते, आले होते आणि झाकण उघडताच नोनोगाकींचा चष्मा पांढरा झाला. शिमोजोंनी पत्नीकडे असे काही पाहिले, की दुसरी कोणी स्त्री असती तर तिने ती भांडी मागे नेली असती. पण तोमोएबाईंनी सर्व विचार करून ठेवला होता.

“ही भांडी गुरुजींनी आमच्या लग्नाला दिलेली. आज त्यांच्यासमोर त्यांच्याच भांड्यात वाढायचं मनात होतं.”

यानंतर ते खाणे नाकारणे म्हणजे गुरुजींच्या कलेला नाकारणे होते. तिघांनी मान लववून जेवणाच्या काड्या उचलल्या.

“माझं भांडं तासभर गार होत नाही,” गुरुजी म्हणाले.

“जाणवतंय,” ओगिसोबाई म्हणाल्या.

“माती निवडण्यात आहे ते.”

तापमापक सदतीसवर होता. नोनोगाकींच्या हनुवटीवरून थेंब निसटून रश्श्यात पडत होते, आणि ते पडल्याचा आवाजही त्या नीरव खोलीत ऐकू येत होता. परंतु त्या थेंबांना मात्र कोणी सभागृहाचे छप्पर म्हटले नाही. तोमोएबाईंनी अखेरचा प्रयत्न केला.

“आमच्याकडे कसं वाटलं, खरं सांगा. हवेबिवेचा काही त्रास झाला का?”

नोनोगाकींनी तोंड उघडले. त्या क्षणी असाहिकावा शिमोजोंपासून एका शब्दाच्या अंतरावर होते. नोनोगाकींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तो पुन्हा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्या काचांआडून ते म्हणाले, “हवा? हवेकडे लक्षच गेलं नाही, वहिनी.”

शिमोजो जिंकले. तोमोएबाईंनी तापमापक खिळ्यावरून काढला आणि रिकामी भांडी गोळा केली.

हे एवढ्यावर थांबते तर शिमोजोंच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा रविवार ठरला असता. परंतु निरोप घेताना गुरुजी दारात थांबले.

“शिमोजोसान, माझ्या वयाला सगळीकडे थंडी वाजते. आज सहा वर्षांनी मी कुठंतरी आरामात बसलो. पहिली सिम्फनी झाली. उरलेल्या आठ आपण इथंच ऐकू या का? दर रविवारी एक. अर्थात, या दोघांना ही खोली पसंत असेल तर.”

खोली पसंत असल्याचे दोघांनी नुकतेच, तेही अनेकवार, सांगितले होते. ओगिसोबाईंनी जमिनीकडे पाहिले. नोनोगाकी म्हणाले, “इच्छा तर... तीच होती.”

“आमचं भाग्य,” शिमोजो म्हणाले. दुसरे काही म्हणण्याची सोय नव्हती.

“मग मी दर रविवारी उदोन करीन,” तोमोएबाई म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी खोली एकोणचाळीसवर गेली. तिसऱ्या रविवारी नोनोगाकी, शुद्ध हरपली नव्हती एवढ्याच अर्थाने, शुद्धीवर होते. तरी जाताना त्यांनी खोलीची स्तुती केली, आणि मागच्या वेळेपेक्षा सविस्तर केली. शिमोजोंचा पट्टा दोन भोके आत गेला. बर्फाच्या लाद्या ते आता दोन ठेवीत. सिम्फनीतल्या पावसाचा जोर वाढत चालल्याची नोंद गुरुजी घेत होते. सहा रविवार उरले होते आणि ऑगस्ट सुरू झाला होता.

यंत्र आपणच असाहिकावाला पाठवून का टाकले नाही, असे कोणी विचारील. विचारणाराचे लग्न झालेले नसावे. पैज हरणे ही आपत्ती आहे. जिंकलेली पैज परत करणे ही शरणागती. शिवाय मंडळाला काय सांगायचे? तुम्ही येऊ नये म्हणून वस्तू देऊन टाकली? कराराप्रमाणे पेटी गेली तर मात्र दोष कोणाचाच नसतो. एवढेच हवे होते, की कोणीतरी त्या खोलीत बसून तो एक शब्द उच्चारावा. तिसऱ्या रविवारी शिमोजोंनी स्वतःच डोंगराच्या कड्याकडे लोटावे तसे पाहुण्यांना त्या शब्दाकडे लोटून पाहिले.

“नोनोगाकीसान, आज जरा... नाही का?”

“काय?”

“म्हणजे हवा जरा...”

“तुम्ही आमच्यासाठी किती काळजी करता,” असे म्हणून नोनोगाकींनी घाम पुसायचा रुमाल लपवला.

सोमवारी सकाळी तोमोएबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. “काल रात्री ओगिसोबाईंचा फोन होता,” त्या म्हणाल्या. “त्याआधी नोनोगाकीसानच्या मंडळींचा. बिचारी रडायच्या बेतात होती. म्हणाली, ह्यांचं वजन सात किलोनं उतरलंय, काहीतरी करा.”

शिमोजो ताठ बसले. “तो शब्द म्हणाल्या का?”

“दोघीही. पाच-सहा वेळा.”

“मग झालं की. हरलो मी. तात्सुओला फोन लाव.”

“असं कसं? पहिलं कलम बघा. खोलीत म्हटलं तरच. फोन स्वयंपाकघरात आहे.”

शिमोजो उठून तडक संगीताच्या खोलीत गेले आणि मध्यभागी उभे राहून स्वच्छ आवाजात म्हणाले, “उकडतंय. भयंकर उकडतंय. जीव जातोय.”

“दुसरं कलम,” स्वयंपाकघरातून उत्तर आले. “घरातल्या माणसाचं धरायचं नाही. लिहिलंय सुंदर अक्षरात. तुमचंच आहे अक्षर.”

“तोमोए, तू मुद्दाम करते आहेस.”

“मी कुठं काय करतेय? मी कागद वाचतेय.”

त्या दुपारी शिमोजो बराच वेळ त्या कागदासमोर बसून होते. छत्तीस वर्षे त्यांनी इतरांच्या उपकरणांतले दोष शोधले होते. स्वतःच्या दोन ओळींत त्यांना केसाएवढी फट सापडेना. चारच्या सुमारास ती सापडली. ते उठले, अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, वर कोट चढवला आणि पत्नीला न सांगता मागच्या दाराने बाहेर पडले. स्टेशनाजवळच्या मिठाईवाल्याकडून त्यांनी लाल घेवड्याच्या जेलीचा खोका घेतला, तो रीतीप्रमाणे कागदात बांधून घेतला, आणि पाचला दहा कमी असताना आपल्याच घराच्या पुढच्या दाराची घंटा वाजवली.

तोमोएबाईंनी दार उघडले. समोर नवरा उभा होता, कोटात, हातात बांधलेला खोका घेऊन, पाहुण्यासारखा दोन पावले मागे. शिमोजोंनी कमरेतून वाकून नमस्कार केला.

“आगाऊ न कळवता आलो, वहिनी. क्षमा असावी.”

अडतीस वर्षांच्या संसारात तोमोएबाईंना एखादी गोष्ट समजायला कधी वेळ लागला नव्हता. आता तर निमिषही लागला नाही. त्या उंबरठ्याशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांच्याहून खाली वाकल्या.

“अलभ्य लाभ. या ना. हे मात्र घरी नाहीत हो. कुठं गेलेत न सांगता, कोण जाणे.”

“हरकत नाही. मी थोडा वेळ बसतो. त्यांची संगीताची खोली पाहावी, असं फार दिवस मनात होतं.”

“अवश्य. सगळ्यांनाच आवडते ती.”

त्यांनी पाहुण्यासाठी ठेवलेल्या सपाता पुढे सरकवल्या. शिमोजोंनी बूट काढून टोके दाराकडे करून ठेवले, खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि “अगदी किरकोळ आहे,” असे म्हटले. तोमोएबाईंनी “इतकं कशाला,” असे म्हटले. खोलीत पेटी सकाळपासून तापत होती. तोमोएबाईंनी त्यांना मानाच्या जागी, म्हणजे यंत्राच्या शेजारी, बसवले. आत गेल्या, चहा घेऊन आल्या. चहाबरोबर नुकताच चिरलेला कलिंगडाचा तुकडा होता, बिया काढलेला. कोपऱ्यातल्या फुलदाणीत त्यांनी जाता जाता ताजे फूल खोचले. मग समोर बसून, कपाळावरचा घाम न टिपता तसाच ठेवून, पाहुण्याकडे प्रसन्न मुद्रेने पाहू लागल्या.

शिमोजोंनी तोंड उघडले. शब्द जिभेवर होता; आठवडाभर तो तिथेच होता. फक्त त्याला बाहेर सोडायचे होते. परंतु समोर चहा होता, बिया काढलेले कलिंगड होते, आणि आगंतुकासाठी तातडीने खोचलेले फूल होते. इतके अगत्य करणाऱ्या घरच्या बाईच्या तोंडावर तिच्या खोलीला नावे कशी ठेवायची? अडुसष्ट वर्षांत शिमोजो कोणाच्याही घरी तसे बोलले नव्हते. त्यांच्या भुवईवरून एक थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

“काही त्रास तर होत नाही ना?” तोमोएबाईंनी विचारले. “हवेचा वगैरे?”

थेंब पडला.

“छे, छे,” शिमोजो म्हणाले. “छान हवेशीर खोली आहे, वहिनी.”

“बरं वाटलं ऐकून. चहा घ्या ना, गरम आहे तोवर. आणि रविवारी अवश्य या. ह्यांना फार आनंद होईल.”